कणसाचा रुपया

“हॅलो? …हॅलो, कोण? …आवाज फाटून राह्यला, बाई. जरा उंचावर जाऊन बोल. …हां, आता बरं. …रंजीता? अवं, तू होय! मले वाटलं कोणी सिक्केवाला. …नाई नाई, कामात कायचा, रिटायर माणूस. बोल.”

घुग्घुसच्या आपल्या घराच्या वऱ्हांड्यात मुखरू टेबलाशी बसला होता. सकाळी पुसलेलं टेबल अकरा वाजेपर्यंत कोळशाच्या धुळीनं पुन्हा काळं झालेलं. वर एक भिंग, आणि लोकांनी तपासायला आणून टाकलेली नाणी. खाणीत फिटर होता, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. पण जिल्हाभर त्याचं नाव खाणीपेक्षा नाण्यांमुळे जास्त. वाकडं छापलेलं, दुहेरी उमटलेलं, कडेला तुटलेलं नाणं हाती आलं की लोक त्यालाच फोन लावणार. आणि शंभरातल्या नव्याण्णवांना तो तोंडावर सांगणार की बापा, ही टांकसाळीची चूक नाही, कोणाच्या तरी हाताची करामत आहे. रंजीता त्याच्या धाकट्या भावाची, वारलूची मुलगी, अहेरीला राहणारी. वारलूला जाऊन आज तिसरा दिवस होता. मुखरू मातीला गेला होता, आणि गुडघ्याचं निमित्त काढून त्याच दिवशी परत आला होता.

“कुठी आहे तू? …प्राणहितेच्या घाटावर. …हो, आज तिसरा दिवस. हो, हो. …संगं कोण आहे? …माय आहे ना? बसव तिले पायरीवर. पाय जपून ठेवजो, शेवाळ असते तिथी. …मी यायले पाहिजे होतो, बाई. हा गुडघा… हो, तेराव्याले येतो. येतोच. …नाई वं, रडून नाई राह्यलो. धूळ आहे इथी. ट्रक चालूच आहेत.”

“काय पाहाचं आहे? …सिक्का? आता? घाटावर? …अवं आयक ना, तुलेही यूट्यूबचं खूळ लागलं का? …आयक तं. मी साऱ्याईले सांगतो तेच तुले सांगतो. टांकसाळीची चूक वेगळी अन् माणसाचा हात वेगळा. सिक्क्यावर वर आलेली रेघ असन, तर ते ठशाले गेलेली भेग. ते टांकसाळीची. खोल गेलेली रेघ असन, तर ते खिळ्याची. ते माणसाची. पोट्टे रुळावर ठेवतात, कोणी हातोडीनं ठोकते, कोणी चुलीत तापवते, अन् मंग मले फोन… ‘मुखरूभाऊ, दुर्मिळ आहे का?’ दुर्मिळ कायचं, डोंबल!”

“…कोणाचा? …बाबाचा? …वारलूजवळ कुठला आला सिक्का? …मले काय माहीत. …सांग ना, कसा आहे. …एक रुपया. …जुना, मोठा. …हं. …आकड्याच्या दोन्ही बाजूनं कणसं. …हं. …अन् कडेचा…”

भिंगाखालचं कोणाचं तरी नाणं त्यानं उगाचच उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

“…कडेचा तुकडा नाई. …नखाएवढा. …हो, आयकून राह्यलो. …नाई, काई नाई झालं मले. दम धर. पाणी पितो जरा.”

तो पाणी पितो आहे तोवर सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. तेहतीस वर्षांपूर्वी या दोघा भावांची जमीन खाणीत गेली. एका घराला एकच नोकरी. बाप आधीच गेलेला, भाऊ दोघंही तरणे, दोघंही धडधाकट. नोकरी काही बांधावरून अर्धी अर्धी करता येत नाही. अशा वेळी त्यांच्या गावचा रिवाज होता सिक्का काढायचा. पायलीभर धानात दोन रुपये पुरायचे, एक कणसाचा आणि दुसरा तेवढ्याच मापाचा, कोणाचं तरी चित्र असलेला. वरून कपडा टाकायचा. चार माणसांसमोर दोघांनी एकदमच हात घालायचे आणि एकेक रुपया बाहेर काढायचा. कणसाचा ज्याच्या हाती येईल, त्याचं नशीब.

रुपये आणायचा मान थोरल्याचा. मुखरूनं आणले, आणि आदल्या दुपारी गोठ्यामागं बसून कणसाच्या रुपयाची कड कानशीनं खाल्ली. फार नाही, धानात बोटाला कळावी एवढीच. दुसऱ्या दिवशी ती बोटाला कळली. नोकरी मुखरूची झाली.

पण लोभी माणसाची अक्कल अर्ध्यातच गहाण पडते. रिवाजाचा शेवट तो साफ विसरला होता. जिंकणारानं आपला रुपया हरणाराच्या तळहातावर ठेवायचा, त्याची बोटं आपल्या हातानं मिटवायची आणि म्हणायचं, ‘झालं, आता बोल नाई.’ मग हरणारानं त्या गोष्टीचा शब्द काढायचा नाही, मरेपर्यंत. लहानपणापासून दहादा पाहिलेलं हे, आणि कानस घासताना एकदाही आठवलं नाही! चार माणसांदेखत मुखरूला आपल्या चोरीचा पुरावा भावाच्या मुठीत द्यावा लागला.

वारलू काही बोलला नाही. अहेरीकडं गेला, लाकडाच्या डेपोत लागला, पुढं ओंडका पडून एक पाय कायमचा वाकडा झाला. दिवाळीला यायचा तेव्हा हसत विचारायचा, ‘भाऊ, तुले म्हणते सिक्क्यातलं लय समजते?’ आणि मुखरू म्हणायचा, ‘च्या घे.’ नाण्यांचा नाद मुखरूला लागला तो त्याच वर्षी. लोकांना वाटतं हौस. हौस कसली, खाई त्याला खवखवे! त्याला एवढंच शोधायचं होतं, की मी कापला तसा रुपया टांकसाळीतून आपोआप निघतो का. निघतो, हे त्याला कळलं. आणि तो ओळखता येतो, हेही कळलं. तेहतीस वर्षांत त्या माणसानं धान्याच्या डब्यात हात घातला नाही. तांदूळ काढायचे ते बायकोनंच.

“हां, बोल रंजीता. …आता घाईत नोको. तेराव्याले येतोच ना मी, तवा भिंगाखाली ठेवून पाहू. …काऊन आताच? …कोण सांगून गेला? …वारलू? …काय म्हणाला? सारं सांग. …‘मोठ्या भाऊलेच विचारजो, दुसऱ्या कोणाले दाखवू नोको.’ …हं. …‘भाऊ टांकसाळीचा म्हणाला, तर माह्या राखेसंगं पाण्यात सोड.’ …हं. …अन् कापलेला म्हणाला तर? …तर काय, रंजीता? …आवाज गेला. …हॅलो? …हां. ‘त्याले नेऊन दे. त्याच्या हातावर ठेव.’”

“…तापात बोलला असन तो. …नव्हता ताप? …चांगला शुद्धीवर होता. …बरं.”

म्हणजे एक शब्द बोलला की रुपया नदीत, कायमचा. दुसरा बोलला की तोच रुपया परत आपल्या तळहातावर, आणि तोही भावाच्या लेकीच्या हातून. तिकडं पोरगी राखेचं मडकं पुढ्यात ठेवून, एका हातात रुपया आणि एका हातात फोन घेऊन उभी, आणि मेलेला माणूस उत्तराची वाट पाहत थांबलेला.

“बरं. उन्हाकडं धर. तुकडा नाई ना, त्या जागी नख फिरव. बारीक बारीक रेघा लागतात का? कानशीच्या? …नाई? …नीट फिरव, आडवं. …एकही नाई? …गुळगुळीत? …पक्कं ना?”

त्याचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोला, पडलाच. रेघाच नाहीत म्हटल्यावर कोण मायचा लाल काय सिद्ध करणार होता?

“मंग तर चांगलंच आहे की. कानशीचा मागमूस नाई म्हणजे… काय? …काय करत बसे तो? …खिशातून काढून. …अंगठा फिरवे. …त्याच जागेवर? …कधी कधी का रोज? …जेवल्यावर. …डेपोतही. …दवाखान्यातही हातातच होता.”

घे! तेहतीस वर्षं अंगठा फिरवून फिरवून वारलूनं कानशीची एकूण एक रेघ घालवून टाकली होती. मुखरूनं आपल्या अंगठ्याकडं पाहिलं आणि हात टेबलाखाली घेतला. भाऊ मेला तरी तो अंगठा अजून चालूच आहे, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं काही केल्या जाईना.

“…हो, आहो, आहो. सांगतो. …टांकसाळीत असं होते, बाई. तू पुऱ्या करते ना? लाटलेल्या पोळीवर वाटी दाबते. वाटी जर आधीच्या भोकावर थोडीशी पडली, तर पुरी कशी निघते? …हां, एका बाजूनं खाल्लेली. तसंच. पत्र्याले तसंच होते. …हो, म्हणजे टांकसाळीचीच चूक. …असलीच आहे. …मी म्हणून राह्यलो ना! …माय काय म्हणते?”

सुगंधाबाई, वारलूची बायको. मुखरू तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर, म्हणून ती आजवर त्याच्याशी समोरासमोर बोललेली नाही. जे काही असेल ते लेकीच्या तोंडून.

“…नक्की का, म्हणते? …नक्की म्हण तिले. …सोड आता. उशीर नोको करू. सोड पाण्यात.”

फोनमधून वाळूवर चपला काढल्याचा आवाज आला. मग पाण्यात पाय पडल्याचा. वीस-बावीस वर्षं लोकांची नाणी पाहिली, पण खोटा निर्णय या माणसानं एकालाही दिला नव्हता. चंद्रपूरचा एक मोठा संग्राहक गाडी घेऊन घरी आला, जेवणावळ घालतो म्हणाला, तरी त्याच्या तोंडावर ‘ठोकलेलं आहे’ म्हणून सांगितलं. पहिलंच खोटं बोलला ते याच रुपयावर, आणि बोलला ते भावाच्या राखेसमोर.

“थांब! …रंजीता! थांब, थांब, थांब! …सोडला का? …हातात आहे? …मूठ बंद कर. बाहेर ये पाण्यातून. …ये म्हणतो ना. …अवं, आयक ना बाई, एक तपासणी राहून गेली. …विसरलो नाई. मुद्दामच नाई सांगितली.”

“…तुकडा जिथी नाई, त्याच्या बरोब्बर समोरची कड पाहा. …पलीकडची, हो. …खाल्लेली पुरी मी सांगितली ना? तशी खाल्लेली चकती मंग कड उचलाच्या यंत्रात जाते. दोन्हीकडून दाबते ते यंत्र. एका बाजूनं खाल्लेलं असन तर तिथी दाब बसत नाई, मंग समोरच्या बाजूनंही बसत नाई. समोरची कड पुसट राह्यते. जशी उमटलीच नाई. ते कोणाले हातानं करता येत नाई, रंजीता. कोणत्याच कानशीनं नाई. …फिरव नख. …लागते कड? …घासली आहे, पण लागते. …बाकीच्या गोलाइतकीच? …पुन्हा पाहा. …हो. …हो, बाई.”

“…नाई. टांकसाळीचा नाई. …कापलेला आहे. …कोणी म्हणजे? …मी. …मी कापला. गोठ्यामागं बसून. …नोकरी तुह्या बाबाची होती का माही, हे देवाले माहीत. पण मी ते ठरू देली नाई. …आयकू आलं का? …मी कापला म्हणतो, रंजीता!”

शेवटचं वाक्य तो इतकं मोठ्यानं बोलला, की रस्त्यावरून मोटारसायकलवर पाळीवर जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं. मुखरूनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. पलीकडं नुसतं पाणी वाहत होतं.

“…हॅलो? …आहे ना तू? …बोल. शिव्या दे. मायले सांग, तिनं दिल्या तरी चालते. …काय? …माहीत होतं? …तुले? …शेवटच्या दिवशी सांगितलं. …सारंच सांगितलं? …अन् मंग ‘असली’ म्हणालो तेव्हा तू पाण्यात काऊन उतरली? …त्यानं तसंच करायले सांगितलं होतं. …हो. …अजून काय सांगितलं? …‘भाऊ कबूल झाला, तरच सांगजो.’ …झालो ना कबूल. सांग.”

“…दोघाईचे हात आत होते. हो. …काय? …त्याच्या बोटाले आधी? …कणसाचा? …थांब, थांब. त्याच्या बोटाले आधी लागला. …अन् कापलेला आहे हे त्याले तिथीच समजलं. …समजनच ना, घरात कानस एकच, माही. …मंग? …मंग काढला काऊन नाई त्यानं? …कोणाच्या बोटात? …माह्या? …त्यानं देला?”

मुखरू खुर्चीवरून उठला आणि लगेच परत बसला. त्याला आजवर वाटत होतं की धानात तो रुपया आपल्याला सापडला.

“…असं कसं? …काऊन पण, रंजीता? …काय म्हणे? …हळू सांग. …‘ज्यानं सख्ख्या भावावर कानस चालवली, त्याले माह्याहून किती जास्त गरज असन.’ …असं म्हणाला. …असंच म्हणाला?”

तो रडला. धुळीचं निमित्त आता काढलं नाही. तेहतीस वर्षं त्यानं चोरीचं ओझं वाहिलं, चोरासारखं तोंड चुकवलं, दिवाळीला भावापुढं चहाचा कप सरकवला. आणि चोरी झालीच नव्हती. भावानं दिलं होतं, आणि घेणाऱ्यानं एकदाही ‘तू देलं’ म्हणून मान हलवली नव्हती. चोरी असती तर बरं झालं असतं, असं त्या माणसाच्या मनात आलं. चोरी निदान फेडता येते.

“…हो, आहो. …मले नोको देऊ तो सिक्का, बाई. पाण्यात टाक. हात जोडतो. …नाई? …हो, त्यानं सांगितलं तसंच कर. तसंच कर तू. …कधी येते? …परवा. …ये. …माय काय म्हणते अजून? …हातावर सिक्का आला का बोल बंद. …हो, रिवाज आहे तसा. आता माह्यासाठी. …म्हणजे जे बोलाचं ते आताच. …मंग बोललो ना तुह्याशी सारं. …तुह्याशी नाई? …मंग कोणाशी? …मडक्यापाशी? …अवं, असं कुठी असते, फोन मडक्यापाशी ठेवून… लोक काय… दम, रंजीता, मी काय बोलू… रंजीता?”

फोन दगडावर टेकल्याचा आवाज झाला. मग रंजीताच्या पायांचा, दूर जाणारा. त्यानंतर पाणी, आणि मधूनच मडक्याच्या काठावरून गेलेला वारा. मुखरूनं तेहतीस वर्षांत मनात हजारदा जुळवलेलं सारं बोलणं कुठल्या कुठं गेलं.

“…वारलू?”

“…मी. मुखरू. …आयकू येते ना?”

“…पाय कसा आहे?”

विचारलं आणि त्याचं त्यालाच कळलं, की हे त्यानं भाऊ जिवंत असताना कधी विचारलं नव्हतं.

“…नोकरी चांगली होती, वारलू. क्वार्टर भेटलं. पोट्टे शिकले, दोघंही. दवाखाना फुकट होता. …हे तुले कधी सांगितलं नाई. तू आला का मी च्याच मांडे. …तू विचारे ना, सिक्क्यातलं समजते का म्हणून? समजते. साऱ्याईचं समजते. …चुकलो असं नाई म्हणत मी. चुकून कोणी कानस हातात घेत नसते. जाणून केलं. …भेव लागलं होतं. तुले भेटली तर माह्यं काय होईन म्हणून भेव लागलं होतं. …तू तर तिथीच होता, पायलीत, माह्या हाताजवळ. तुले कसं नाई लागलं भेव?”

पाण्याचा आवाज एकदम जवळ आला. पावलंही वाजली. बहुतेक रंजीता परत आली असेल आणि तिनं मडकं उचललं असेल.

“दम, दम… वारलू, अजून एक… आयक ना, मले तुले एवढंच…”

फोन कट झाला. मुखरू तो कानाला तसाच धरून बसला. आतून बायकोनं दोनदा हाक मारली, मग चौकटीत येऊन विचारलं, एवढा वेळ कोणाचा फोन होता.

“वारलूचा,” तो म्हणाला.